चार क्रमांकाची बरणी

पावसाळ्यात आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा पत्रा गळतो, हे महाविद्यालयात सर्वांना माहीत आहे आणि दर वर्षी जूनमध्ये त्यासाठी अर्जही जातो. यंदा ऑगस्टमधल्या एका रात्री ते पाणी नेमके खालच्या कपाटात शिरले आणि सात बरण्यांवरची लेबले सुटून तळाशी लगदा होऊन बसली. सातही बरण्यांत पांढरी पूड किंवा पांढरे खडे होते. विषारी रसायनांचे कपाट वेगळे आणि कुलूपबंद असल्यामुळे मोठा घोर टळला होता. साठा नोंदवहीत या कपाटातील सातही नावे शाबूत होती: मीठ, सोरा (पोटॅशिअम नायट्रेट), नवसागर, युरिया, ग्लुकोज, सायट्रिक आम्ल आणि नॅप्थलीन. नावे सात, बरण्या सात. फक्त कोणते नाव कोणत्या बरणीचे, एवढेच ठरवायचे होते.

वरून सूचना आली की सगळे टाकून द्या आणि नवीन मागवा. नवीन मागवायचे म्हणजे तीन दरपत्रके, खरेदी समितीची बैठक आणि दिवाळीनंतर येणारा माल. टाकून द्यायचे म्हणजे बेसिनमध्ये ओतायचे, कारण आमच्याकडे 'टाकणे' याचा दुसरा अर्थ कोणाला ठाऊक नाही. मी ठरवले की अकरावीच्या मुलांनाच या बरण्या ओळखायला लावायच्या. रासायनिक बंध हे प्रकरण नुकतेच शिकवून झाले होते आणि द्रवणांक, विद्राव्यता व विद्युतवाहकता यांवरून पदार्थातील बंध आयनिक (विरुद्ध प्रभारांच्या ओढीचा) की सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेतलेला) हे ओळखण्याचा याहून चांगला सराव मला शोधूनही मिळाला नसता. पटावर ऐंशी मुले आहेत, प्रत्यक्षात एकोणीस आली. उरलेली खाजगी क्लासच्या वातानुकूलित वर्गात याच प्रकरणावरचे बहुपर्यायी प्रश्न सोडवत असतील, आणि त्यांना माझ्या एकोणीस जणांपेक्षा जास्त गुण मिळतील याविषयी मला शंका नाही.

वाहकता तपासायचे साधन मी स्वतः बनवलेले आहे आणि त्याचा मला थोडा अभिमान आहे. नऊ व्होल्टची बॅटरी, एक रोधक, एक लाल एलईडी आणि संपलेल्या टॉर्चच्या सेलमधून काढलेल्या दोन कार्बनच्या कांड्या, एवढाच सगळा सरंजाम. पुस्तकातल्या आकृतीत टॉर्चचा बल्ब असतो, पण द्रावण जरा सौम्य असले की तो बल्ब लागतच नाही आणि मुले 'दुर्वाहक' असे लिहून मोकळी होतात. एलईडी थोड्याशा प्रवाहावरही उजळतो. मात्र त्याची एक खोड आहे: आमच्या बोअरच्या पाण्यात नुसत्या कांड्या बुडवल्या तरी तो लागतो. ऊर्ध्वपातन संच दोन वर्षे बंद आहे, म्हणून मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन पदरच्या पैशाने आणतो आणि प्रत्येक चाचणीनंतर कांड्या त्याच पाण्याने धुवायला लावतो. कांड्या न धुता मिठानंतर साखर तपासली की साखरही 'आयनिक' ठरते, आणि कित्येक महाविद्यालयांच्या नोंदवह्यांत ती तशी ठरलेली मी पाहिलेली आहे.

नॅप्थलीनची बरणी उघडताच ओळखू आली. उरलेल्या सहांना क्रमांक देऊन मुलांचे गट केले. मीठ तापवल्यावर तडतडले आणि नंतर निवांत बसून राहिले. त्याचा द्रवणांक 801 अंश सेल्सिअस आहे, आमच्या बर्नरवर मीठ वितळण्याआधी साधी काचनळीच वाकायला लागते. 'आयनिक संयुगे वितळलेल्या अवस्थेत वीज वाहून नेतात' हे वाक्य महाराष्ट्रातली लाखो मुले पाठ करतात आणि मिठाच्या बाबतीत त्यांतले कोणीही ते पाहत नाही. सोरा मात्र 334 अंशांना वितळतो. म्हणून तो ओळखला गेल्यावर मी चिमूटभर सोरा स्वतः वितळवून त्यात कांड्या धरल्या, तेव्हा एलईडी लागला आणि मागच्या बाकावरच्या दोघांनी चक्क टाळ्या वाजवल्या. ग्लुकोज वितळून तपकिरी झाले आणि जिलेबीच्या दुकानासारखा वास सुटला. युरिया 133 अंशांच्या आसपास वितळला, पाण्यात विरघळताना नळी गार पडली, पण दिवा लागला नाही. सायट्रिक आम्लाने मुलांना थोडे फसवले, कारण ते सहज वितळते आणि तरीही त्याच्या द्रावणात दिवा मंद लागतो. तिथे मी 'आम्लाचे पाण्यात अंशतः विचरण होते', म्हणजे त्याचे थोडे रेणू फुटून आयन होतात, असे सांगून वेळ मारून नेली. वेळ मारून नेली असेच म्हणायला हवे, कारण तिथेच मला थांबता आले असते.

चार क्रमांकाची बरणी ज्या गटाकडे होती त्यात एक मुलगी आहे. ती रोज पहिल्या एसटीने येते, फारसे बोलत नाही आणि निरीक्षणे मात्र कोष्टकाच्या रेघेबाहेर जाईपर्यंत लिहिते. मी फेरी मारत तिच्याजवळ गेलो तेव्हा तिने लिहिले होते: 'तापवल्यावर वितळत नाही. पांढरा धूर होऊन वर जातो आणि नळीच्या थंड भागावर परत पांढरा थर बसतो, कापरासारखा. म्हणून सहसंयुज. पाण्यात नळी खूप गार होते, दिवा मिठाइतकाच प्रखर लागतो. म्हणून आयनिक.' आणि शेवटच्या रकान्यात, जिथे बंधाचा प्रकार लिहायचा, तिथे एकच शब्द होता: 'दोन्ही.'

मी त्या शब्दाभोवती तांबड्या शाईने वर्तुळ केले आणि बाजूला लिहिले, 'दोन्ही कसे? पुन्हा करा.' तोंडाने म्हणालो, "अगं, कांड्या नीट धुतल्या नसतील." ती म्हणाली, "सर, तीनदा धुतल्या." मी पुढच्या टेबलाकडे गेलो.

मला थांबवले ते मामांनी. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत आणि या खोलीत माझ्यापेक्षा अधिक वर्षे काढलेली आहेत. ते तिच्या नळीतल्या धुराकडे बघत म्हणाले, "सर, पोरीचं काय चुकलं नाही. हा नवसागर आहे. आमच्या वडिलांनी जन्मभर कल्हई केली. भांडं तापलं की हाच टाकायचे, असाच धूर व्हायचा, नि मग कथील फिरवायचे." एव्हाना यादीत तेवढे एकच नाव उरले होते, त्यामुळे ओळख पटण्यात काही विशेष नव्हते. मला शरम वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. नवसागर संप्लवनशील आहे, म्हणजे तापवल्यावर न वितळता थेट वर उडतो, हे मी नववीपासून जाणतो, कापूर, नॅप्थलीन, आयोडीन आणि नवसागर ही माळ मी झोपेतही म्हणू शकतो. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराईड हे आयनिक संयुग आहे, हेही मी दर वर्षी शिकवतो. ही दोन वाक्ये वीस वर्षांत माझ्या डोक्यात एकमेकांसमोर कधी उभी राहिलेली नव्हती. तिने ती एका ओळीत लिहिली आणि मी तिच्या कांड्यांना दोष दिला.

पुढचा तास रद्द करवून घेऊन मी सर्वांना एका टेबलाभोवती बोलावले. कोरड्या परीक्षानळीत नवसागर घेतला, वर ग्लासवूलचा (काचेच्या तंतूंचा) सैलसर बोळा बसवला आणि बोळ्याच्या वर ओला तांबडा व ओला निळा असे दोन लिटमस कागद लावले. ही मांडणी दिसते तितकी सोपी नाही. बोळा घट्ट बसला तर वायू अडतात, फार सैल बसला तर धूर थेट कागदावर जाऊन बसतो, आणि आच एकदम मोठी केली तर सगळे एका क्षणात घडून जाते व पाहण्यासारखे काही उरत नाही. मी मंद आचेवर नळी फिरवत राहिलो. प्रथम तांबडा कागद निळा झाला. मग काही क्षण काहीच झाले नाही. नंतर दोन्ही कागद खालच्या कडेपासून तांबडे होत गेले.

कोणत्याही मुलाला याचा अर्थ सांगावा लागला नाही, फक्त शब्द पुरवावे लागले. नळीतून वर गेला तो नवसागर नव्हताच. तापल्यावर अमोनिअम मूलकातला (प्रभारित अणुगटातला) एक प्रोटॉन क्लोराइडकडे जातो आणि अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू तयार होतात. अमोनियाचे रेणुवस्तुमान 17, हायड्रोजन क्लोराइडचे 36.5. त्यामुळे अमोनिया सुमारे दीडपट वेगाने पसरतो, ग्लासवूलमधून आधी बाहेर पडतो आणि कागद आधी निळा करतो; मागून येणारा आम्लधर्मी हायड्रोजन क्लोराइड दोन्ही कागद तांबडे करतो. थंड भागात दोघे पुन्हा भेटले की पांढरा थर बसतो. कापूर उडतो तेव्हा त्याचे रेणू अख्खेच्या अख्खे सुटतात, त्यांच्यातले बंध शाबूत राहतात. नवसागर उडतो तेव्हा तो मोडून जातो आणि वर जाऊन पुन्हा जुळतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पुस्तकाने दोघांना एका माळेत ओवले आहे. कल्हईवाल्याच्या तापल्या भांड्यावरही हेच घडते. सुटलेला हायड्रोजन क्लोराइड तांब्यापितळेवरचा ऑक्साइडचा थर खातो आणि मगच कथील धरते. हे ऐकताना मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मला वाटले, इथे संपले. तेवढ्यात तीच मुलगी म्हणाली, "सर, पण यात धातू कुठाय?"

'धातू आणि अधातू यांच्यात आयनिक बंध, अधातू आणि अधातू यांच्यात सहसंयुज बंध' असा फलक आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर छापील टांगलेला आहे. नायट्रोजन, हायड्रोजन आणि क्लोरीन हे तिन्ही अधातू. मी विद्युतऋणतेतील, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या अणूच्या क्षमतेतील, फरकाचा नियम फळ्यावर काढला, 1.7 पेक्षा जास्त फरक असेल तर आयनिक, कमी असेल तर सहसंयुज. ती म्हणाली, "मग फरक कोणत्या दोघांतला धरायचा?" नायट्रोजन 3.04 आणि हायड्रोजन 2.20 यांच्यातला फरक 0.84 येतो. तो बंध सहसंयुज आहे, आणि तसे चार बंध मिळून अमोनिअम मूलक होतो. तो अख्खा मूलक धनप्रभारित असतो आणि क्लोराइडला जो धरून ठेवतो तो स्थिर विद्युत आकर्षणाने. म्हणजे एकाच खड्यात दोन्ही बंध आहेत. तिची कारणमीमांसा अर्धी चुकलेली होती, कारण धूर होऊन उडणे हा सहसंयुज बंधाचा पुरावा नव्हता. पण रकान्यातला शब्द बरोबर होता.

मग मीच पेटलो आणि फळ्यावर आणखी दोन उदाहरणे टाकली. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फरक 1.78 येतो, म्हणजे नियमाप्रमाणे ते आयनिक. प्रत्यक्षात ते साडेएकोणीस अंशांना उकळते. सोडिअम हायड्राइडमध्ये फरक अवघा 1.27, म्हणजे सहसंयुज. प्रत्यक्षात तो आयनिक स्फटिक आहे. रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंगने 1932 साली विद्युतऋणतेची मापनश्रेणी मांडली तेव्हा बंधाचे आयनिकपण कमी-अधिक होत जाते असेच त्याचे म्हणणे होते. मधल्या एका आकड्यावर कुंपण घालून अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन गाव वसवले ते परीक्षेसाठी प्रश्न काढणाऱ्यांनी.

एका सहकाऱ्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "परीक्षेत 'आयनिक' एवढंच येतं. कशाला पोरांच्या डोक्यात घोळ घालतोस?" तो वाईट शिक्षक नाही. त्याच्या वर्गाचा निकाल माझ्या वर्गापेक्षा चांगला लागतो, आणि हे मी तिरकसपणे लिहीत नाही. सायट्रिक आम्लाच्या वेळी मीही तेच केले होते, फक्त त्याच्याइतके उघडपणे नाही.

बरण्यांना नवी लेबले लागली, मामांनी त्यांवर मेणबत्ती घासून ठेवली. मुलीने ते दोन लिटमस कागद माझ्या तांबड्या वर्तुळाशेजारी डिंकाने चिकटवले आहेत. मी त्या शेऱ्यावर आडवी रेघ मारून खाली सही केली, पण ती कच्ची वही आहे. पक्की नोंदवही प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकांपुढे जाते आणि त्यांच्या नमुना उत्तरांत त्या रकान्यासाठी एकच शब्द असतो. तिने विचारले, "सर, फेअरमध्ये काय लिहू?" मी म्हणालो, "वही ठेवून जा, बघतो." ती ठेवून गेली त्याला तीन आठवडे झाले. शेवटचा रकाना सोडून बाकीचे पान तिने सुरेख अक्षरात पूर्ण केले आहे, आणि वही अजून माझ्या टेबलावर आहे.