दाराबाहेरचा माणूस

भाच्यासाठी आणलेलं पुस्तक इंग्रजी आहे. जाड पुठ्ठ्याची पानं, कडा चावून चावून मऊ झालेल्या. वाचता वाचताच मी त्याचं मराठी करते. पहिल्या पानावर "बंब आला!" म्हटलं, तर स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मग घाल त्यात दोन ढलप्या."

तिचा बंब वेगळा. जुन्या घरी मोरीत तांब्याचा बंब असायचा. मधल्या नळीत बंबफोड नि शेंगांची टरफलं पेटवायची, भोवतीचं पाणी तापायचं. दिवाळीआधी तो चिंच लावून घासला की मोरीत उजेड पडायचा. पोटात विस्तव ठेवून पाणी तापवणारा तो एक बंब, आणि पोटात पाणी घेऊन विस्तवामागे धावणारा हा दुसरा. दोघांचं नाव एकच, ही गंमत मला थोर वाटते. साडेचार वर्षांच्या श्रोत्याला मात्र फक्त गीझर ठाऊक.

पुस्तकात सहा जवान आहेत आणि एक ठिपक्यांचा कुत्रा. (बंब घोडे ओढायचे तेव्हा अमेरिकेत हे डाल्मेशियन कुत्रे घोड्यांबरोबर पळत. घोडे गेले, चित्रांतला कुत्रा राहिला.) शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत 'टीमवर्क'. तिथे माझं मराठी अडतं. 'सांघिक कार्य' म्हटलं की परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं, 'एकी' म्हटलं की तो म्हातारा नि त्याची लाकडाची मोळी. मी पान उलटून मोकळी होते.

भाचा अडतो त्याच्या आधीच्या पानावर. इमारत पेटली आहे, दोघं पाइप घेऊन आत निघालेत, एकजण शिडीवर. आणि एकजण दाराबाहेर नुसता उभा, हातात पाटी.

"आत्या, हा आत का जात नाही? घाबरतो?"

"नाही रे, तो लिहितोय."

"गडबड करणाऱ्यांची नावं?"

मी शिस्तीवर काहीतरी बोलले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं ते उत्तर होतं, आणि ते त्यालाही कळलं.

एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताहात आमच्या सोसायटीत प्रात्यक्षिक झालं, तेव्हा तो पुस्तक काखोटीला मारूनच खाली आला. "काका, तुमचा कुत्रा कुठाय?" जवान म्हणाले, "रजेवर गेलाय." मग त्यांनी ते पान पाहिलं आणि मांडी घालून तिथेच बसले. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो म्हणाले, साधी हवाच, दाबून भरलेली. आत धावपळ करणाऱ्याची ती लवकर संपते, शांत असणाऱ्याची जरा पुरते. म्हणून कोण किती वाजता आत गेला, तेव्हा त्याच्याकडे किती हवा होती, आणि त्याला कधी बाहेर यायला हवं, हे सगळं पाटीवाला लिहून ठेवतो. हवा तळाला आली की सिलिंडरच्या सेटची शिट्टी वाजते, पण तिच्यावर विसंबायचं नसतं. "हा बाहेर उभा आहे ना, म्हणून आम्ही आत जातो," ते म्हणाले.

बंबापाशी उभ्या असलेल्या पंपवाल्याचंही तसंच. त्याने दाब एकदम वाढवला तर पाइप धरणारा उताणा पडेल, कमी केला तर पाणी आगीपर्यंत पोचायचंच नाही. आणि त्या पाइपचं आणखी एक काम मला माहीतच नव्हतं. धुरात स्वतःचा हात दिसत नाही, तेव्हा पाइप चाचपत चाचपत उलट यायचं. पाणी ज्या वाटेने आत आलं, त्याच वाटेने माणूस बाहेर. हे त्या पुस्तकात कुठेच नाही. असायला हवं होतं.

सप्ताह १४ एप्रिललाच का सुरू होतो, हे मी नंतर भाच्याला सांगितलं नाही. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकंही. जवान विझवत असतानाच जहाज फुटलं. दलाची ६६ माणसं गेली. त्या दिवशी कुणाकडे पाटी असती तरी तिचा काय उपयोग झाला असता, हा विचार मला रात्री बराच वेळ छळत राहिला. मोठी माणसं चित्रांची पुस्तकं अशी वाचतात.

भाच्याने त्याची अशी वाचली: दुसऱ्या दिवशी दादा आंघोळीला गेला, तर हा बाथरूमबाहेर पाट टाकून बसलेला. मांडीवर पाटी, समोर स्वयंपाकघरातलं घड्याळ. घड्याळ त्याला येत नाही. पाटीवर एक उभी रेघ, तिच्याशेजारी बहुधा बाबा. थोड्या वेळाने त्याने तोंडाने शिट्टी मारली, जमली नाही, मग दार वाजवलं.

"बाबा, बाहेर ये! हवा संपली!"

"अरे, डोळ्यांत साबण आहे!"

"पाइप धरून ये!"