झोपाळ्यावरची पेटी

"काका, बोटीसाठी सामान पाहिजे," असं तो म्हणाला आणि मी चिकटपट्ट्यांचा डबा पुढं ओढला. दुकानासमोर भाजीचा टेम्पो मागं घेत होते. त्या भोंग्यात मला 'बोटासाठी' ऐकू आलं.

"कुठल्या बोटाला लागलंय?"

"बोटाला न्हाय काका, बोटीला. शिडाच्या."

शहापुरात औषधाचं दुकान चालवायला लागून मला ३१ वर्षं झाली. गुडघे, साखर, पित्त, पावसाळ्यात खोकला, हेच माझं गिऱ्हाईक. समुद्राशी माझं नातं सुक्या बांगड्यापुरतं. चोर्ला घाट उतरून गोव्याला जायचं तरी मला गाडी लागते, आणि हा माझ्याकडं बोट लागण्याचं औषध मागत होता.

पोरगा आमच्याच गल्लीतला. बेळगावात मराठा इन्फंट्रीचं सेंटर, त्यामुळं घराघरातली पोरं मिलिटरीत. हा एकटा नेव्हीत गेला. १५ वर्षं काढून आला आणि आता मालकांच्या शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवायचं काम घेतो. या खेपेला गोव्याहून कोची, ३६ फुटी बोट, माणसं चार. साडेतीनशेच्या आसपास सागरी मैल, वाऱ्यानं साथ दिली तर चार दिवस.

"एवढ्यासाठी बेळगावात कशाला आलास गा? पणजीत दुकानं नाहीत?"

"तिथं बसून कोण सांगतंय मला? तयार औषधपेटी देत्यात नि मोकळे होत्यात."

मग त्यानं बोटीवरची जुनी पेटी काउंटरवर पालथी केली. तो ऐवज मी विसरणार नाही. कात्री होती, पण गंजून तिची दोन्ही पाती एक झालेली. चिकटपट्ट्यांची मिळून एक वीट. कापसाच्या गुंडाळीवर हिरवट बुरशी. सेफ्टी पिनांनी सगळ्या गॉजवर तांबूस ठसे उठवलेले. गोळ्यांच्या पाकिटातून पांढरा भुगा सांडला, त्यावर मुदत २०१९ची. आणि तळाशी एक अर्धी जळलेली मेणबत्ती. तिचा उपचार कशावर, ते आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

मी उत्साहानं कामाला लागलो. प्लॅस्टिकची चांगली घट्ट झाकणाची पेटी घेतली आणि दुकानाचं कपाट लावतो तशी लावली. गोळ्या एका कप्प्यात, मलमं दुसऱ्यात, पट्ट्या तिसऱ्यात. कात्री दाखवून छातीठोक सांगितलं, "स्टेनलेस आहे, गंजायची नाही." तो गालात हसला.

औषधांवर मात्र आमचं वाजलं. त्याला अँटिबायोटिक आणि जोरदार वेदनाशामक पाहिजे होतं. मी म्हटलं, चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. त्यातली बरीचशी शेड्यूल एच किंवा एच-वन मधली, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या सरकारी यादीतली. एच-वनची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षं जपावी लागते. ट्रामाडॉल तर २०१८पासून अमली पदार्थांच्या कायद्यात गेलंय. ओळखीचा म्हणून सूट दिली तर उद्या सगळी गल्ली ओळखीची. तो जरा घुश्शात गेला, पण पलीकडच्या डॉक्टरांकडं गेला. मीही दुकान पोऱ्यावर सोडून मागोमाग गेलो. खरं सांगायचं तर उत्सुकता.

डॉक्टरांनी औषधाचं नावही काढलं नाही. आधी विचारलं, चौघं कोण? वय काय? कुणाला कशाची ॲलर्जी? याला काही माहीत नव्हतं. तिथूनच फोन लावले. एकाला पेनिसिलिन चालत नाही. एकाला दमा. एक रोज बीपीची गोळी घेतो, आणि चार दिवसांच्या प्रवासाला मोजून चारच गोळ्या घेऊन निघाला होता! डॉक्टर म्हणाले, "दुप्पट घ्या आणि दोन जागी ठेवा, एक जागा भिजली तर दुसरी." मग अमॉक्सिसिलिन लिहिणार होते, पण तेही पेनिसिलिनच्याच जातीचं, म्हणून तिथं दुसरं लिहिलं आणि दमेकऱ्याला सांगितलं की इन्हेलर खिशात, पेटीत नाही.

त्यांनी पुढं जे विचारलं ते इतक्या वर्षांत माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. शिडाच्या खालचा आडवा दांडा असतो, बूम. वारा बाजू बदलतो तेव्हा तो सपकन या कडेहून त्या कडेला जातो आणि उभ्या माणसाच्या डोक्यात बसतो. "समजा बसला," डॉक्टर म्हणाले, "आणि तासाभरानं तो माणूस ओकायला लागला, पेंगायला लागला. तुम्ही काय समजाल?"

"बोट लागली म्हणून."

"आणि गोळीनं झोप येत्येय म्हणून. डोक्याला मार लागलेला आणि बोट लागलेला, दोघंही ओकतात, दोघंही पेंगतात. म्हणून कुणी कधी कुठली गोळी घेतली ते वेळेसकट लिहायचं. मार लागल्यावर झोपेची गोळी नाही, आणि शंका आली की वाट न बघता रेडिओ."

पेटीत वही आणि पेन्सिल गेली ती अशी. पेन नाही, शाई पसरते. झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करनं लिहिलं: रेडिओ चॅनेल १६, तटरक्षक दल फोन १५५४.

संध्याकाळी पेटी भरून झाली. बिल करायला घेतलं तर तो म्हणाला, "काका, आधी चाचणी. तुमच्या सोप्यात झोपाळा हाय की."

आमचं घर दुकानाच्या मागंच. मला झोपाळ्यावर बसवलं, मांडीवर पेटी दिली, उजवा हात बादलीत बुडवला आणि डाव्या हातानं कडी धरायला लावली. "एक हात बोटीचा, एक हात कामाचा. डावा सोडायचा न्हाय." मग मेन स्विच बंद केला आणि झोपाळ्याला असा जोर दिला की छताच्या कड्या करकरल्या. "दोर हातातून सुटला. तळवा फाटलाय, रक्त वाहतंय. पट्टी काढा!"

माझीच लावलेली पेटी. कुठला कप्पा कुठं ते मला पाठ. तरी झाकण उघडताच वरचा ट्रे घसरला आणि गोळ्या झोपाळ्याखाली. पट्टीचं प्लॅस्टिक ओल्या बोटांना फाटेना, दातानं धरलं तर सगळी पट्टीच तोंडात. चिकटपट्टी ओल्या कातड्यावर बसेना. स्वयंपाकघराच्या दारातून बायको विचारत होती, "अहो, बरं आहे ना तुम्हाला?" बरं नव्हतंच. पोटात ढवळायला लागलं होतं. दिवे लागले तेव्हा कळलं की मी पट्टी म्हणून क्रेप बँडेज सोडत होतो.

माणूस मरायला लागला की मलमाचा कप्पा शोधत नाही. मी पेटी गिऱ्हाइकाला दिसावी म्हणून लावली होती.

पुन्हा लावली. रक्तासाठी एक लाल कापडी पिशवी, सगळ्यात वर. तिच्यात मोठ्या निर्जंतुक पट्ट्या, हातमोजे, ताणाचं बँडेज, बाकी काही नाही. प्रत्येक पाकिटाला आधीच खाच पाडून ते झिपच्या पिशवीत. चिठ्ठी: दाबून धर, दहा मिनिटं, मधे उघडून बघू नको. कापूस काढून टाकला, जखमेला चिकटतो नि दमट हवा शोषतो. बोट लागण्याच्या गोळ्यांची पिशवी वेगळी, सुकाणूजवळ टांगायला. सिनारिझिन निघण्याआधी दोन तास घ्यायची. एकदा ओकारी सुरू झाली की गिळलेली गोळी बाहेरच येते. पहिली गोळी जमिनीवर घेऊन बघायची, कुणाला किती झोप येते ते कळावं म्हणून. ओआरएसची पाकिटं एक लिटरवाली. दोनशे मिलीची छोटी त्यात मिसळू दिली नाहीत, अंधारात गफलत होते. प्रत्येक गोळीवर मराठीत: कशाला, किती, किती तासांनी. पॅरासिटामॉल ६५०: सहा तासांनी एक, दिवसाला चारच.

चहाचा थर्मास त्यानंच मागितला. बोटीवर गळ टाकतात, आणि शिंगाळा किंवा पाकट माशाचा काटा हाताला लागला तर दुखणं सोसवत नाही. त्यावर उतारा कडक पाण्याचा, सोसवेल इतकं गरम, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास. पाणी आधी दुसऱ्यानं हात घालून बघायचं, कारण काटा लागलेल्याला चटका कळत नाही. मला वाटायचं की असल्या विषावर इंजेक्शनच असणार.

हे लावता लावता रात्रीचे दहा वाजले. बायकोनं जेवायला वाढलं. जेवताना त्यानं नेव्हीतल्याच अभिलाष टॉमींची गोष्ट काढली. शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीला फेरी मारायच्या २०१८च्या शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरात वादळानं डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार लागला, अंथरुणातून उठता येईना. तीन दिवसांनी फ्रान्सच्या जहाजानं बाहेर काढलं. "हातभर अंतरावरची वस्तूबी लांब वाटती तवा," तो म्हणाला. या शर्यतीच्या आधी टॉमी, आणि त्यांच्याही आधी २००९-१० मध्ये दिलीप दोंदे, ज्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीला फेरी मारून आले, तिचं नाव म्हादेई. आमच्याकडं ते नाव निघालं की कळसा-भांडुराच्या पाण्यावरून गोव्याशी चाललेलं भांडणच आठवतं. खानापूरच्या रानात उगम पावणारी आमची नदी बोट होऊन जगाला वळसा घालून आली, हे मला त्या रात्री भाताच्या शेवटच्या घासाला कळलं.

तीन आठवड्यांनी तो पेटी घेऊन आला. वही उघडली. सिनारिझिन १४. चिकटपट्ट्या ९. अँटिबायोटिक शून्य. मग पेन्सिलीनं वाकडंतिकडं: 'रात्री २.४०. दोर सुटला. दोन्ही तळवे सोलले. लाल पिशवी. अर्धं मिनिट.' खाली दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात: 'शिंगाळा. थर्मासचं पाणी. एक तास. शिव्या.'

"आणि ही तुमची स्टेनलेस," म्हणत त्यानं कात्री काउंटरवर ठेवली. पाती चकचकीत, पण मधल्या खिळ्याभोवती तांबडं कडं धरलेलं. मी बदलून देतो म्हटलं, तर घेईना. तो गेल्यावर पुड्याची सुतळी कापायला उचलली, उघडेना. खिळ्यावर खोबरेलाचे दोन थेंब सोडले आणि दाराशी उन्हात ठेवून दिली.