कोथिंबीर वडी आणि पाण्याचा हिशेब

डिसेंबर, रविवार. कोथिंबिरीची जुडी हाताच्या दोन मुठींत मावत नाही आणि भावही उतरलेला. वड्यांचे दिवस हेच. पावसाळ्यातली कोथिंबीर आधीच पाणी पिऊन बसलेली असते, उन्हाळ्यातली लवकर तुऱ्यावर येते. बारीक पानांची, खाली देठाला किंचित लालसर झाक असलेली गावरान मिळाली तर तीच घ्यावी. मोठ्या पानांची दिसायला छान, वासाला बेताची.

वडी बिघडते ती बहुतेकदा पाण्यानं. पान ओलं राहिलं की पीठ सैल होतं, सैल झालं म्हणून वर बेसन पडतं, आणि मग कोथिंबिरीची वडी न होता बेसनाचा हिरवा ठोकळा होतो. म्हणून निवडून झाल्यावर मोठ्या पातेल्यात बुडवून धुवायची आणि हातानं वर उचलून घ्यायची. पातेलं चाळणीत ओतलं तर तळाला बसलेली माती पुन्हा पानांवर. दोन-तीन पाण्यांतून काढली की पंच्यावर पसरून तासभर पंख्याखाली. चिरायची ती कोरडी झाल्यावरच. ओली चिरली तर सुरीखाली ठेचली जाते, काळी पडते. कोवळे देठ चिरण्यातच घ्यावेत, जाड देठ आमटीच्या वाटणात जातात.

प्रमाण: दाबून भरलेल्या 2 वाट्या चिरलेली कोथिंबीर, 1 वाटी बेसन, 2 मोठे चमचे तांदळाचं पीठ. 4 मिरच्या, 7-8 लसूण पाकळ्या आणि 1 चमचा जिरं जाडसर वाटून. वरून 1 मोठा चमचा तीळ, पाव चमचा हळद, हिंग, चिमूटभर साखर, मीठ, 1 मोठा चमचा तेल.

मीठ आणि वाटण आधी कोथिंबिरीला चोळून 10 मिनिटं ठेवायचं. पान मऊ होतं, स्वतःचं पाणी सोडतं, मूठभर ढीग अर्ध्यावर येतो. पिठं त्यानंतर. बहुतेक वेळा वरून पाणी लागतच नाही. लागलं तर चमच्यानं, भांड्यानं नाही. गोळा हाताला थोडा चिकटला पाहिजे, पण वळकटी वळताना पसरता कामा नये. तांदळाच्या पिठानं कुरकुरीतपणा येतो, मात्र जास्त झालं तर वडी गार झाल्यावर कडक. सोडा घालूच नये. वडी फुगते खरी, पण तेल पिते आणि कापताना भुगा होतो.

चाळणीला तेल लावून दोन वळकट्या, फार जाड नको, मधे बोटभर अंतर. खालचं पाणी उकळायला लागल्यावरच चाळणी चढवायची. झाकणाला फडकं बांधायचं, नाहीतर वाफेचे थेंब वडीवर टपकतात आणि वरचा थर चिकट राहतो. 15 ते 20 मिनिटं. सुरी खुपसून कोरडी आली की उतरवायची.

आता धीर. गरम वळकटी कापली की कडा तुटतात. पूर्ण गार होऊ द्यावी, अर्धा तास तरी. मग अर्ध्या बोटाच्या जाडीचे काप. तेल मध्यम आचेवर: तुकडा टाकल्यावर लगेच बुडबुडे यावेत, पण तीळ करपू नयेत. तव्यावर थोड्या तेलात परतल्या तरी चालतं, फक्त सारख्या उलटायच्या नाहीत. आमचं मत विचाराल तर तव्यावरचीच जास्त चांगली. तळलेलीत कोथिंबिरीपेक्षा तेलाची चव पुढे येते. वाफवलेली वळकटी फ्रीजमध्ये दोन दिवस राहते, पाहुणे आले की कापायची.

विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि तिथली सांबारवडी, म्हणजेच पुडाची वडी, हे वेगळंच प्रकरण. सुकं खोबरं, खसखस, तीळ घातलेलं कोथिंबिरीचं सारण पारीत गुंडाळून तळतात, पारीला आतून चिंचेचा कोळ आणि काळा मसाला फासतात. पण हिशेब तोच. सारण ओलं राहिलं तर पुडा कढईत फुटतो, आणि मग तेलभर कोथिंबीर.