घाव कोणत्या कड्यावर पडतो

गाडीच्या चाकातला तो आवाज नेमका कोणत्या दिवशी आला, हे मला सांगता येणार नाही, कारण असे आवाज येताना कळत नाहीत. ते हळूहळू मुरतात. ताशी ४० किलोमीटरच्या पुढे घूंऽऽ असा एक सूर लागायचा, वेगाबरोबर तो चढायचा आणि क्लच दाबून इंजिनाची गती उतरवली तरी त्यात तसूभरही फरक पडायचा नाही. इंजिन त्यातून सुटले. मग संशय टायरांवर गेला, म्हणून पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून पाहिले. दोष टायरचा असता तर आवाजही त्याच्याबरोबर मागे गेला असता. तो होता तिथेच राहिला. शेवटी रस्त्याच्या वळणांनी उत्तर दिले. डावीकडच्या लांब वळणावर आवाज भरून यायचा आणि उजवीकडे वळताना जवळजवळ विझायचा. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, तेव्हा दुखणे उजव्या बाजूला, चाकाच्या बेअरिंगमध्ये होते.

चाक जॅकवर उचलून, वर-खाली धरून हलवून पाहिले, तर ढिलेपणा अजिबात नव्हता. त्यावर समाधान मानून पुष्कळ जण गाडी तशीच पळवतात. पण ढिलेपणा हा या आजाराचा बऱ्याच उशिराचा टप्पा आहे. चाकामागच्या स्प्रिंगवर बोटे टेकवून दुसऱ्या हाताने चाक फिरवले, तेव्हा कानांना काही कळायच्या आत बोटांना बारीक खरखर जाणवली, जात्यात खडा आल्यासारखी.

बेअरिंग म्हणजे दोन पोलादी कडी, एकात एक बसवलेली, आणि त्यांच्यामध्ये छर्‍यांच्या दोन रांगा, थोडे ग्रीस आणि दोन्ही बाजूंना सील. बस्स, एवढेच. चाकाचा परीघ साधारण १.९ मीटर धरला तर एका किलोमीटरला सव्वापाचशेच्या वर फेरे होतात आणि एक लाख किलोमीटरला सव्वापाच कोटी. हे सगळे फेरे, गाडीचे अडीच-तीनशे किलो वजन त्या चाकावर असताना, मोजक्या छर्‍यांनी काढायचे. आणि छर्रा कड्याला टेकतो ती जागा पाहिली तर तिळाएवढीही नसते. एवढ्याशा जागेवरचा दाब पोलादाच्या पृष्ठभागाखाली बारीक तडे पाडत जातो आणि एके दिवशी वरचा टवका निघतो. माझ्या बेअरिंगचे हेच झाले होते, हे नंतर कडे हातात आल्यावर दिसले.

सुटे करण्याचे काम ताकदीचे आहे, त्यात फारसे सांगण्यासारखे काही नाही. हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा, मोठा नट गाडी चारी चाकांवर उभी असतानाच सैल करावा लागतो, कारण गाडी उचलल्यावर तेवढा जोर लावणे धोक्याचे असते. तो किती घट्ट असतो, हे टॉमीवर लांब पाइप चढवून त्यावर सगळे वजन टाकल्याशिवाय कळत नाही. नंतर गाडी जॅकच्या भरवशावर न ठेवता भक्कम स्टँडवर घ्यायची, ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) काढून तारेने स्प्रिंगला टांगायचा (ब्रेकच्या नळीवर लोंबू दिला तर ती आतून फाटू शकते), डिस्क काढायची आणि नकल, म्हणजे बेअरिंग पोटात धरणारा जाड धातूचा भाग, सोडवून टेबलावर आणायचा. हब ठोकून बाहेर काढला की आतल्या कड्याचा अर्धा भाग त्यालाच चिकटून येतो. त्या भागाला ग्राइंडरने तिरकी खाच पाडून छिन्नीचा एक ठोका दिला, की तो टणकन तडकतो. संपूर्ण कामात मला सर्वांत जास्त आवडलेला आवाज हाच.

खरी परीक्षा नवे बेअरिंग बसवताना असते, आणि त्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झालो.

तयारी चोख होती. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले होते आणि नकल गरम करून घेतला होता. सात-आठ सेंटीमीटर व्यासाचे पोलादी कडे चाळीस-पंचेचाळीस अंशांनी थंड झाले, तर ते मिलिमीटरच्या तीन-चार शतांशांनीच आकसते. परंतु घट्ट बैठकीत तेवढे फार होते. एका बाजूच्या सीलमधला चुंबकीय पट्टा एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरकडे यावा लागतो, तेही तपासले होते. मग जाड पट्ट्या आणि लांब बोल्ट लावून मी बेअरिंग आत ओढू लागलो. ते सरळ, सावकाश, अगदी शहाण्यासारखे आत गेले. चूक एवढीच झाली, की त्यावर ठेवलेला सॉकेट अंदाजापेक्षा लहान होता आणि तो बाहेरच्या कड्यावर न टेकता आतल्या कड्यावर टेकला होता.

म्हणजे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. बेअरिंग नकलमध्ये घट्ट बसते ते बाहेरच्या कड्याने. अडते तेच, म्हणून जोरही थेट त्याच्यावर पडायला हवा. मी तो आतल्या कड्यावर दिला, तेव्हा बाहेरच्या कड्यापर्यंत पोहोचायला त्याला छर्‍यांखेरीज दुसरी वाट उरली नाही. जे छर्रे कोट्यवधी फेरे मारतात, त्यांच्यावर जागच्या जागी काही टनांचा भार आला, आणि प्रत्येकाने आपल्याखालच्या, कड्यावरच्या पन्हाळीत एक सूक्ष्म खळगा उठवला. डोळ्यांना तो दिसणारही नाही. पण या यंत्राची सगळी मदार तेवढ्या सूक्ष्मावर आहे. गाड्याच्या आसावर छर्रे वापरण्याचे पेटंट फिलिप वॉन यांनी १७९४ मध्येच घेतले होते. तरी ही कल्पना सर्रास वापरात यायला पुढचे जवळजवळ शतक गेले, याचे एक मोठे कारण एकसारखे गोल छर्रे मिळत नव्हते हे होते. १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिख फिशर यांनी पोलादी छर्रे एकाच मापाचे घासून देणारे यंत्र केले, तेव्हा कुठे ते दुखणे मिटले. एखादा छर्रा इतरांहून किंचित मोठा असला तरी भार त्याच्यावरच येतो, एवढा हा हिशोब काटेकोर आहे. आणि मी त्यात रांगेने खळगे पाडून ठेवले होते.

हब बसवल्यावर हाताने फिरवून पाहिला, तेव्हा कुठेतरी किंचित अडल्याचा भास झाला. नव्या ग्रीसचे असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पहिल्याच फेरीत, ताशी ४० ला, तोच सूर लागला.

पुन्हा सगळे सोडवले. एकदा बसवलेले बेअरिंग हब बाहेर ओढताना उसवतेच, त्यामुळे ते वाचण्याचा प्रश्न नव्हता. दुसरे आणले आणि या वेळी बोल्ट आवळण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न स्वतःला विचारला, तोही मोठ्याने: आता घट्ट कोणते कडे आहे? नकलमध्ये बसवताना बाहेरचे, म्हणून जोर बाहेरच्यावर. त्यात हब ओढताना घट्ट आतले असते, म्हणून मागच्या बाजूने आधार आतल्या कड्यालाच द्यायचा; तेव्हा बाहेरच्या कड्याला किंवा नुसत्या नकलला टेकू दिला तर छर्रे पुन्हा मधे सापडतात. गंमत अशी, की बाहेरच्या कड्याच्या मापाची वस्तू शोधत मी हत्यारांची पेटी दोनदा उपसली, आणि ती टेबलावरच पडलेली होती. मी बिघडवलेल्या बेअरिंगचे बाहेरचे कडे. त्याच्याहून अचूक माप कोणाचे असणार? बाहेरून सहाणेवर थोडे घासले, म्हणजे ते स्वतः आत रुतणार नाही, आणि त्याच्याकरवी नवे बेअरिंग सर्कलिपच्या (बेअरिंग जागी अडवून ठेवणाऱ्या कडीच्या) खाचेपर्यंत नेऊन बसवले. नवा नट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाला आवळला आणि त्याची कड खाचेत ठोकली.

गाडी आता गप्प आहे. ते घासलेले कडे पुसून, तेलाचा हात देऊन, पेटीत सॉकेटांच्या रांगेत ठेवले आहे. डाव्या चाकाचे बेअरिंगही उजव्याच्याच वयाचे आहे.