बोर्दो परवडतं, फक्त यादीच्या पलीकडे बघायला हवं

बोर्दो, म्हणजे फ्रान्समधला वाइनसाठी प्रसिद्ध प्रदेश, म्हटलं की भारतातल्या आमच्या बऱ्याच मित्रमंडळींच्या डोक्यात लाफित, मार्गो, पेत्रुस हीच नावं येतात, आणि मग विषय तिथेच संपतो, कारण पहिल्या दर्जाच्या शातोची (शातो म्हणजे वाइन करणारा मळा) एक बाटली म्हणजे चारशे-पाचशे युरोच्या पुढेच. त्या मोजक्या नावांपुरतं ते बरोबर आहे. पण आम्ही टुलूजला राहतो, इथून बोर्दो ट्रेनने दोन-सव्वादोन तासांवर, त्यामुळे जाणं-येणं असतं, दुकानदारांशी गप्पा होतात, आणि मला अगदी मनापासून वाटतं की पंधरा ते चाळीस युरोमध्ये बोर्दोइतकी चांगली आणि वर्षानुवर्षं टिकणारी रेड वाइन जगात फार कमी ठिकाणी मिळते. फक्त कुठे बघायचं ते कळायला हवं.

या सगळ्याचं मूळ १८५५ सालात आहे. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यासाठी बोर्दोच्या वाइन दलालांनी मेदोक या बोर्दोतल्या भागातल्या शातोंची पाच दर्जांत यादी केली (मेदोकबाहेरचा एकच, ओ-ब्रियों), आणि ती कशावरून केली तर कुठली वाइन बाजारात काय भावाने जाते त्यावरून. त्यानंतर त्यात मोठा बदल एकच झाला, १९७३ ला मुतों रॉत्शिल्ड दुसऱ्या दर्जातून पहिल्यात गेला, बस. मधल्या काळात मालक बदलले, जमिनीचे तुकडे विकले गेले, एकाच्या वेली दुसऱ्याकडे गेल्या, तरी दर्जा शातोच्या नावाला चिकटून राहिला, जमिनीला नाही. म्हणजे आज आपण बाटलीला जे पैसे देतो त्यातला बराच मोठा हिस्सा पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या भावाचा असतो. म्हणून मी माती कुठली आणि तिथे काम करणारा माणूस कोण एवढंच आधी बघते.

याचं सगळ्यात भारी उदाहरण मेदोकमधल्या सां-जुलियां गावचा शातो ग्लोरिया. आंरी मार्तां नावाच्या माणसाने १९४० च्या दशकापासून आजूबाजूच्या दर्जावाल्या शातोंकडून थोडी थोडी जमीन विकत घेत हा मळा उभा केला. मातीच्या दृष्टीने बघाल तर सगळं घराणेदार, पण १८५५ ला ग्लोरिया नावाचं काही अस्तित्वातच नव्हतं त्यामुळे लेबलवर दर्जा शून्य. आज तो त्यांच्या लेकीच्या घराकडे आहे. वाइन मऊ, गोलसर, काळ्या मनुकांसारखी, बाकी सां-जुलियांपेक्षा जरा लवकर पिण्याजोगी होते, आणि पस्तीस-चाळीस युरोत मिळते. शेजारच्या दर्जावाल्यांचे भाव बघितले की हा आकडा किती वाजवी आहे ते कळतं.

पण माझा सगळ्यात लाडका सोसियांदो-माले. वाइनवेड्या लोकांमध्ये बसलात की हे नाव हमखास निघतं. पोयाक, सां-तेस्तेफ ओलांडून अजून उत्तरेला गेलं की सां-सरां-द-कादुर्न गाव लागतं, तिथे जिरोंद नदीच्या काठावर खडीचा एक उंचवटा आहे, त्यावर हा मळा. मेदोकमध्ये जुने लोक म्हणतात की ज्या वेलींना नदी दिसते त्यांचीच वाइन चांगली, आणि त्यामागे कारण आहे, त्या काठावर रेतीखडीतून पाणी झटपट निचरतं आणि एवढं मोठं पाणी शेजारी असल्यामुळे कडाक्याची थंडी जरा सुसह्य होते, २०१७ च्या एप्रिलमध्ये गोठवणाऱ्या दंवाने बोर्दोचं भयंकर नुकसान केलं तेव्हा नदीकाठचे बरेच मळे वाचले ते यामुळेच. जां गोत्रो हे वाइनचे व्यापारी होते, एका बेल्जियन गिऱ्हाइकासाठी मळा शोधत शोधत इथे आले आणि १९६९ ला स्वतःच घेऊन टाकला. तेव्हा जेमतेम पाच हेक्टर वेली होत्या, त्यांनी त्या ऐंशीच्या पुढे नेल्या. २०१९ ला ते गेले, आता मुलगी बघते. बाकीचे लोक उत्पन्न कमी करायला कच्चे घड छाटून टाकत होते तेव्हा हा माणूस म्हणायचा गरज नाही, आणि वाइन बघा, खणखणीत, कडक, सरळ. तीस ते चाळीस युरो. एकच अट आहे, थांबायची तयारी हवी. दहा वर्षांच्या आत उघडलीत तर टॅनिन (रेड वाइनमधला तुरटपणा) जिभेवर अक्षरशः बसतं, दहानंतर मात्र ती वाइन अशी काही उलगडते की त्याच्या दुप्पट पैसे घेणाऱ्या बाटल्यांनी तिच्याकडून शिकावं.

थांबायचं नसेल तर मुली (Moulis) नावाच्या गावाची वाइन बघा.  मेदोकमधल्या गावांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाइनभागांत हा सगळ्यात छोटा, आणि इथे १८५५ चा एकही शातो नाही, म्हणून भाव अजून जमिनीवर आहेत. शातो पूजो आणि शास-स्प्लीन, दोन्ही एकाच खडीच्या पट्ट्यावर. माझं मत पूजोला. २००८ पासून तो सां-एमिलियोंच्या क्लो फुर्ते वाल्या क्युव्हेलिए कुटुंबाकडे आहे आणि तेव्हापासून वाइन जास्त नितळ झालीये असं मला वाटतं. पंचवीस-तीस युरोत पाहुण्यांसमोर ठेवायला याच्याइतकी खात्रीची बाटली मला दुसरी माहीत नाही.

अजून स्वस्तात हवं असेल तर पोतांसाक. हे मेदोकच्या अगदी उत्तर टोकाकडचं, पर्यटक फारसे जात नाहीत. मालक मात्र देलों कुटुंब, म्हणजे तेच लेओविल लास कासवाले, ज्यांची मुख्य वाइन कित्येक पटीने महाग. वीस-पंचवीस युरोत तीच शिस्त, तोच कडक स्वभाव. मोठ्या शातोंच्या सेकंड वाइन घेण्यापेक्षा मी नेहमी अशी बाटली घेते. सेकंड वाइनमध्ये बरेचदा कोवळ्या वेलींचा आणि मुख्य वाइनमध्ये न घेतलेला माल असतो आणि पैसे मात्र मोठ्या नावाचे मोजायचे, त्यापेक्षा कमी प्रसिद्ध जागेचा सगळ्यात चांगला माल कधीही बरा.

यादीतले पण भाव न वाढवणारे असेही आहेत. कांतमेर्ल हा पाचव्या दर्जाचा, १८५५ च्या यादीत सगळ्यात शेवटी मागाहून लिहिलेलं नाव, बोर्दो शहरातून मेदोकला निघालं की सुरुवातीलाच लागतो, १९८१ पासून एका विमा कंपनीकडे आहे. दाट, जड अशी वाइन नाही ती, हलकी, सुगंधी, आणि पस्तीसच्या आत-बाहेर मिळते. आणि थोडे जास्त पैसे टाकायची तयारी असेल तर लांगोआ-बार्तों. मूळचं आयरिश बार्तों घराणं १८२१ पासून इथे आहे, यादीतल्या शातोंमध्ये एकाच घराण्याकडे इतका काळ राहिलेला दुसरा नाही. आंतोनी बार्तों २०२२ ला गेले, त्यांच्याबद्दल इथल्या व्यापाऱ्यांना अजूनही फार आदर आहे, कारण बाकीचे भाव चढवत होते तेव्हा ते म्हणायचे वाइन पिणाऱ्यालाच परवडली पाहिजे अशा बेताने भाव ठेवायचे आणि तसे ठेवले. मुलगी लिलियान तेच पुढे चालवतेय. माझ्या मते बोर्दोत हे कुटुंब सगळ्यात सचोटीचं.

आता नदी ओलांडून उजव्या किनाऱ्याला जाऊ, इथे खडीऐवजी चिकणमाती आणि चुनखडी, कॅबर्ने द्राक्षांऐवजी मर्लो. तिथल्या सां-एमिलियों आणि पोमरोल या नावाजलेल्या भागांचे भाव विसरा. सां-एमिलियोंचं चुनखडीचं पठार पूर्वेला तसंच पुढे जातं, मध्ये कागदावरची हद्द येते आणि पलीकडच्या भागाचं नाव होतं कास्तियों. दगड तोच, पण बाटलीची किंमत निम्मी किंवा त्याहून कमी. (इथेच १४५३ ला इंग्रज हरले आणि शंभर वर्षांचं युद्ध संपलं, त्यांचा सेनापती टॅल्बट मारला गेला, आणि गंमत म्हणजे पलीकडच्या किनाऱ्यावर सां-जुलियांत त्याच्या नावाचा शातो आहे.) कास्तियोंत शातो देग्वीय बघा, सां-एमिलियोंच्या कानों-ला-गाफलिएरचे श्टेफान फॉन नायपेर्ग तो चालवतात, वीस-पंचवीस युरो. त्याच्या उत्तरेला फ्रां नावाचा छोटासा भाग आहे, तिथला पुईगेरो तर पंधराच्या आसपास मिळतो आणि तो त्याच तिएंपों घराण्याचा आहे ज्यांच्यातल्या एकाची पोमरोलमधली ल पां हजारो युरोला जाते. मर्लोच्या जोडीला कॅबर्ने फ्रां आणि माल्बेक, गडद फळं, थोडी मातीची चव. रोजच्या जेवणासोबत उघडायची बोर्दो म्हणाल तर माझ्या घरी हीच.

आपल्या जेवणाबरोबर काय, हा प्रश्न येतोच. तांबड्या रश्शासोबत सोसियांदो उघडू नका, मिरचीचा तिखटपणा आणि टॅनिन एकमेकांना पेटवतात. मटण सुकं असेल, काळा मसाला असेल, तिखट बेताचं असेल तर पुईगेरो किंवा ग्लोरियासारखी मऊ वाइन छान जाते. आणि तळलेल्या सुरमईसोबत रेड नकोच, तिथे क्लो फ्लोरिदेनची व्हाइट आणा. बोर्दोच्या व्हाइटकडे आपले लोक बघतच नाहीत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. देनी दुबुर्दियो हे बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्राचे प्राध्यापक, बोर्दोची व्हाइट वाइन आज जशी आहे त्यात त्यांच्या संशोधनाचा मोठा वाटा, आणि हा मळा त्यांचा आणि त्यांच्या पत्नी फ्लोराँस यांचा, दोघांची नावं जोडून नाव ठेवलंय. २०१६ ला ते गेले, मुलं काम बघतात. सोविन्यों ब्लां आणि सेमियों, लिंबू, पांढरं पीच, आणि चुनखडीतून येणारी एक ताठ आंबटाई. वीस युरोच्या आसपास, आणि पाच-सात वर्षं ठेवली तर अजून सुंदर होते.

वर्षांचं थोडक्यात. २०१६ आणि २०१९ डोळे मिटून घ्या. २०१९ चे भाव कोविडमुळे सुरुवातीला खाली आले होते, त्यामुळे त्या वर्षातल्या या सगळ्या बाटल्या अजूनही कुठे दिसल्या तर सोडू नका. २०१४ कुणाच्या तोंडी नसतं पण आता पिण्याच्या अगदी योग्य वयात आलंय आणि स्वस्त आहे. २०२१ थंड आणि ओलं गेलं, रेड हलक्या आहेत, व्हाइट मात्र उत्तम. २०२२ उष्ण, भरगच्च, त्याला वेळ द्या.

खरेदी कधी करायची तर सप्टेंबरमध्ये. फ्रान्समध्ये तेव्हा सगळ्या सुपरमार्केटांत वाइनचा सीझन असतो, वर लिहिलेल्यातली निम्मी नावं तिथे नेहमीपेक्षा कमी भावात मिळतात. आं प्रिमर म्हणजे वाइन पिंपात असतानाच वसंतात पैसे भरायचे आणि बाटली दोनेक वर्षांनी घ्यायची, हा प्रकार या दर्जाच्या वाइनसाठी मला पटत नाही. बोर्दोत गेली काही वर्षं मालाला उठाव नाही, २०२३ ला सरकार आणि बोर्दोची वाइन संघटना यांनी मिळून हेक्टरमागे ६,००० युरो देऊन वेली उपटायची योजना काढली इतकी वेळ आली, त्यामुळे बाटलीत भरलेली वाइन नंतरही त्याच भावात, कधी कमीत मिळते. मग पैसे दोन वर्षं अडकवायचे कशाला. आणि त्या उपटलेल्या वेली बहुतेक साध्या बोर्दोवाल्या छोट्या शेतकऱ्यांच्या आहेत, हे वाचताना आपल्याकडचे द्राक्षबागायतदार आठवल्याशिवाय राहत नाहीत. आपण अशा कमी नावाच्या मळ्यांची वाइन घेतो तेव्हा ते पैसे जिथे गरज आहे तिथे जातात.

भारतात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के कस्टम ड्यूटी बसत आलीये, वर राज्याचे कर, त्यामुळे हीच बाटली मुंबई-पुण्याच्या दुकानात बघितली तर या सगळ्या हिशोबाला अर्थ उरत नाही. इकडे कुणी येत असेल तर त्यांनाच सांगा. प्रवाशाला २ लिटर ड्यूटी फ्री आणता येतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, वर ३७५ मिलीची एक हाफ बॉटल सहज बसते, एकूण १८७५ मिली. मी सांगेन पूजो २०१९ एक, क्लो फ्लोरिदेन व्हाइट एक, आणि हाफ बॉटल बार्साकच्या दुआसी-देनची, तीही दुबुर्दियोंचीच, गोड पण लिंबाच्या सालीसारखी ताजी. चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, आणि घरी पोचल्यावर रेडला निदान दोन आठवडे तरी हात लावू नका.