सोलापूर–तुळजापूर–येडशी–बार्शी: फेरा कुठल्या अंगानं मारायचा?

गेल्या जूनमध्ये जुनी रोडबाइक घेतली तेव्हा पुण्याच्या मावसभावानं विचारलं, "सोलापुरात चढाला काय करणार, उड्डाणपुलावर जाणार?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. सात महिन्यांनी सुचलंय, म्हणून ही नोंद.

पहिला महिना कंबर तलावाभोवती आणि विजापूर रस्त्यावर गेला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. बूड दुखलं, मग दुखायचं थांबलं.

जुलैपासून दर रविवारी हिप्परगा. तुळजापूर रस्त्याला लागलं की अर्ध्या तासात तलाव दिसतो. अदिला नदी अडवून इंग्रजांनी 1871 साली बांधलेला हा एकरुख तलाव, पण सोलापूरकर त्याला हिप्परगाच म्हणतात. आपल्याकडचा खरा पाऊस सप्टेंबरात, त्यामुळे जुलैत पाणी पार आत गेलेलं आणि काठाला भेगाळलेला गाळ. तरी पहाटे तिथं थांबायला बरं वाटतं. चहाची टपरी साडेसहाला उघडते. मी सहाला पोचायची, त्यामुळे चहा परतीच्या वाटेवरच.

खरी गोष्ट सुरू होते तामलवाडीच्या पुढे. नकाशात सोलापूर साधारण साडेचारशे मीटरवर आणि तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. मला वाटायचं, हे दोनशे मीटर सगळे शेवटच्या घाटात असतील. तसं नाही. घाट म्हणाल तर लहानच. त्याच्या आधीचा रस्ता मात्र डोळ्यांना सपाट दिसतो आणि पायांना चढ लागतो. वेग 24 वरून 19 वर येतो, आपल्याला वाटतं ब्रेक घासतोय. मी दोनदा उतरून चाक फिरवून बघितलं. ब्रेक घासत नव्हता.

घाटात मात्र पहिल्या खेपेला उतरून ढकलतच नेली. माझ्या सायकलला पुढे पेडलपाशी 50 आणि 34 दात्यांची दोन चाकं आणि मागे कॅसेट, म्हणजे दातेरी चाकांचा संच, 11 ते 28 दात्यांचा. सर्वांत हलक्या गिअरवर, म्हणजे 34 ला 28, पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर जाते. मिनिटाला 70 पेडल मारायचे तर ताशी पावणेअकराचा वेग ठेवावा लागतो आणि माझा दम आठ-नऊलाच संपत होता. म्हणजे मिनिटाला पन्नास-पंचावन्न पेडल, सगळा भार गुडघ्यावर. मागे 34 दात्यांची कॅसेट बसवली तर तेच 70 पेडल ताशी पावणेनऊला मिळतात. हा हिशेब वहीत मांडला आणि कॅसेट आणायला गेले.

इथं माझी चूक आणि दुकानदाराचीही. त्यानं कॅसेट बसवून दिली, "ताई, मस्त झालं," म्हणाला. माझा डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, शॉर्ट केजचा, आखूड पिंजऱ्याचा; त्याला एवढी मोठी कॅसेट झेपत नाही, हे ना त्यानं सांगितलं ना मी विचारलं. चेन जुनीच, तेवढ्याच कड्यांची. पुढच्या रविवारी तामलवाडीच्या अलीकडे चेन पुढे मोठ्या दातेरी चाकावर असतानाच बेसावधपणे मागेही मोठ्यावर टाकली. चेन वीणेच्या तारेसारखी ताणली, डिरेलरचा पिंजरा पुढे ओढला गेला आणि पेडल तिथंच अडकलं. बूट पेडलला अडकवून ठेवणारी क्लीट वेळेवर सुटली म्हणून पडले नाही. हाताने मागचं चाक काढून चेन सैल केली. बोटांना काळं ग्रीस आणि शेजारी थांबलेला ट्रकवाला, "पेट्रोल संपलं का?"

मग मीडियम केजचा डिरेलर आणि नवी, पुरेशा लांबीची चेन. कॅसेटपेक्षा हा खर्च जास्त झाला. मोठी कॅसेट घ्यायचा विचार असेल तर आधी डिरेलर बघा, मग कॅसेट.

ऑगस्टच्या मध्याला न उतरता घाट चढले. वर पोचल्यावर आईला फोन केला. आई कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांतली. त्या रात्री हा सगळा रस्ता चालणाऱ्यांचा असतो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं. देवीला नमस्कार कर अन् उन्हाच्या आत घरी ये." कौतुक एवढंच.

आता फेऱ्याकडे येते. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी, तिथून डावीकडे वळून रामलिंगच्या जंगलातून खाली बार्शी, मग वैराग, वडाळा, नान्नज करत सोलापूर. तलाव, घाट, जंगल आणि माळरान एकाच दिवसात. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी निघाले आणि येडशीपर्यंत स्वतःवरच खूश होते. पाऊस नव्हता, ढग होते, सरासरी 23. ती माझ्या पायांची नव्हतीच, हे मला कळलं नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडचा. उत्तरेला जाताना तो डाव्या कुशीला लागतो आणि थोडा ढकलतोही. येडशीला पश्चिमेकडे वळल्याबरोबर तोच वारा छातीवर आला. रामलिंगचा उतार असूनही पेडल मारावे लागत होते. उतारावर पेडल मारण्याएवढा अपमान दुसरा नाही.

जंगल मात्र तेव्हाच बघावं. हे अभयारण्य पानगळीचं. ऑगस्टात दोन्ही बाजूंनी हिरवं, ओल्या मातीचा वास आणि मधेच खालून पाण्याचा आवाज. देऊळ दरीत आहे, जटायूची कथा तिथलीच. क्लीटच्या बुटांनी ओल्या पायऱ्या उतरू नका, मी अनवाणी गेले. परत आले तर हँडलच्या पिशवीतली दोन्ही केळी गायब आणि एक माकड सायकलच्या सीटवर. शेंगाचटणीची पुडी मात्र त्यानं तशीच ठेवली होती.

बार्शीला पोचले तेव्हा पाण्याच्या दोन्ही बाटल्या रिकाम्या आणि पाय संपलेले. तिथून भाजीच्या टेम्पोत सायकल टाकून घरी. कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाय ठेवून आले, त्याची लाज अजून वाटते.

मग नकाशा आणि वाऱ्याची दिशा शेजारी ठेवून बघितली. हिवाळ्यात वारा पूर्व-ईशान्येकडून येतो. तुळजापूरकडे जाताना तो तोंडावर असणार, पण पहाटे पडलेला असतो. ऊन चढून वारा सुटेपर्यंत आपण येडशीला पोचलेलो असतो आणि बार्शीकडे वळताना तो पाठीवर येतो. बार्शी ते सोलापूर डाव्या कुशीला. पावसाळ्यात नेमकं उलटं करायचं: आधी बार्शी, मग वारा पाठीवर घेऊन रामलिंगचा चढ आणि शेवटी तुळजापूरचा घाट उतरून घर. मी ऑगस्टात चुकीच्या अंगानं गेले होते.

26 जानेवारीला सुट्टी धरून पुन्हा निघाले. सव्वापाचला घर सोडलं, हातमोजे लागतील एवढी थंडी. हिप्परग्याला अंधारच होता, पण पाण्यावरून कलकलाट येत होता. पट्टकदंब हंस हिवाळ्यात तिथं उतरतात, हिमालय ओलांडून येतात. दिसले नाहीत, ऐकले. घाट 34 ला 34 वर, एकदाही न थांबता. येडशीला सव्वादहा. रामलिंग आता तांबूस, वाळलेल्या पानांचा, आणि वारा खरंच पाठीवर. बार्शीपर्यंत पाऊण तासाच्या वर दहा मिनिटं.

वैरागच्या पुढे वेड्या बाभळीचा काटा. ट्यूब बदलली, टायरच्या आतून बोट फिरवलं, काही लागलं नाही. चार किलोमीटरवर पुन्हा हवा गेली. काट्याचं टोक रबरात रुतून बसलं होतं, टायर उलटा करून वाकवल्यावरच दिसलं. नखानं निघेना, सेफ्टीपिननं काढलं. नान्नजच्या माळावर हरणं दिसावीत म्हणून थांबायचं ठरवलं होतं. माळढोकासाठी 1979 पासूनचं अभयारण्य, आता दिसतात ते काळवीट. पण उशीर झाला होता. एक काळवीट रस्त्यावरूनच दिसला, तेवढ्यावर समाधान.

घरी साडेचारला. 186 किलोमीटर, चढ 1,140 मीटर, थांबे धरून सव्वाअकरा तास. 200 किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला, साडेतेरा तास मिळतात, म्हणजे हिशेब जमण्यासारखा आहे.

जुलैत उलट्या अंगानं निघणार आहे, बार्शी आधी. तीन ट्यूब, एक चिमटा, आणि केळी पिशवीत नाही, जर्सीच्या खिशात.