एल्क पाडणं सोपं, आणणं अवघड : फ्लॅट टॉप्सचा अनुभव

गेम कार्ट, म्हणजे पाडलेलं जनावर ओढून आणायची हातगाडी, घेऊ नका. कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्सच्या डोंगरात एल्कच्या, म्हणजे इथल्या भल्यामोठ्या हरणाच्या, शिकारीला जाणार असाल तर नकाच. दुकानातल्या माणसाने २४० डॉलरला ती दोनचाकी माझ्या गळ्यात मारली. "अख्खा एल्क दोघं जण आरामात ओढून आणाल," म्हणाला. मी कुठे चाललोय हे त्याला आधीच सांगितलं होतं. ट्रॅपर्स लेकच्या पार्किंगमध्ये कार्ट उतरवली, चाकं बसवली, हवा भरली आणि मग पाटी वाचली. पुढे वाइल्डरनेस, म्हणजे कायद्याने राखलेलं रान. १९६४ च्या कायद्याने तिथे मोटार नाही, सायकल नाही, मोटरची करवत नाही, आणि गेम कार्टसुद्धा नाही. पाय आणि खूर, बस. साडूभाऊ पाटीकडे बघत म्हणाले, "मग आता हिच्यावर चहाचं सामान मांडू."

आम्ही दोघंच गेलो होतो. मी डेन्व्हरजवळ राहतो, साडूभाऊ मूळचे कराडचे, वय ५१, पण अंग तालमीतलं. माझा हा तिसरा सीझन, त्यांचा पहिला. आदल्या दोन्ही वर्षी मी रिकाम्या हाताने परतलो, त्यामुळे एल्क पडल्यावर काय होतं हे मला फक्त ऐकून माहीत होतं. ऐकलेलं बहुतेक चुकीचं निघालं. परत येऊन तीन दिवस झालेत, जिना अजून उलटा उतरतोय, तेव्हा थोडं तिखट लिहिलं गेलं तर चालवून घ्या.

दहा किलो पाठीवर घेऊन सव्वा तासात सिंहगड चढता येत नसेल तर आधी ते करा. इथे पार्किंगच साधारण साडेनऊ हजार फुटांवर आहे आणि एल्क त्याच्या वर असतो. रायफलचा नेम कसा जुळवायचा, तंबू कसा लावायचा हेही मी सांगत बसणार नाही.

नियमांचं थोडक्यात. तुमचा जन्म १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतरचा असेल, म्हणजे आपण सगळेच, तर हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय कोलोरॅडोत परवाना मिळत नाही. अंगावर किमान ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा भडक गुलाबी हवं, शिवाय त्याच रंगाची टोपी, चारी बाजूंनी दिसेल अशी. केशरी कॅमोफ्लाज चालत नाही. शिकार सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. एच-वन-बीवाले मला नेहमी विचारतात म्हणून सांगतो : अशा व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याची बंदी आहे, पण राज्याचा वैध शिकार परवाना हातात असेल तर त्यातून सूट मिळते. परवान्याची मुदत संपली की सूटही संपली. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, वकिलाला विचारा.

डेन्व्हर ते रायफल नावाचं गाव, तिथून १३ नंबरच्या रस्त्याने मीकर, मग काउंटी रोड ८. पहिले तीन दिवस मजेत गेले. हवा छान, ॲस्पनची पानं गळून गेलेली, एल्क शून्य. सांगण्यासारखं काही नाही.

चौथ्या दिवशी, मंगळवारी, संध्याकाळी पावणेसहाला समोरच्या दक्षिण उतारावर चार माद्या बाहेर आल्या आणि त्यांच्या मागून एक नर. आमच्याकडे बुल टॅग, म्हणजे नर पाडायच्या परवान्याची चिठ्ठी होती. त्या भागात नर पाडायचा तर एका शिंगाला चार फाटे हवेत, नाहीतर कपाळाजवळचा पहिला फाटा पाच इंचांचा हवा. कमी उजेडात हे आठ पटीच्या दुर्बिणीने कळत नाही, दहा पटीची घ्या. आणि एल्कच आहे ना हेही बघा. १९७८ मध्ये राज्याने मूस, म्हणजे हरणवर्गातलंच आणखी मोठं जनावर, आणून सोडले, ते आता बऱ्याच ठिकाणी पसरलेत, आणि एल्क समजून मूस पाडणारे महाभाग असतात. मूस काळसर, नाक लोंबतं. एल्कचा पार्श्वभाग फिकट पिवळा, मान गडद. साडूभाऊंनी फाटे मोजले, मी मोजले, पुन्हा मोजले. पाच. वारा आमच्याकडे येत होता. संध्याकाळ झाली की थंड हवा उताराने खाली सरकते, म्हणून आम्ही मुद्दाम खालच्या अंगाला बसलो होतो. २१० यार्ड. एक गोळी, तो तीस पावलं चालला आणि बसला. थ्री-ओ-एट रायफल, १६५ ग्रेन वजनाची गोळी. मोठ्या मॅग्नमची काही गरज नाही. खांदा दुखायच्या भीतीने डोळे मिटणाऱ्यांपेक्षा साध्या रायफलने नीट नेम धरणारा बरा.

जवळ गेलो आणि दोघंही गप्प झालो. मोठा नर साधारण सातशे पौंडांचा भरतो, म्हणजे तीनशे किलोच्या वर. सांबर डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर ती कल्पना तिथेच सोडा. मागचा पाय उचलून धरायला साडूभाऊंनी तो खांद्यावर घेतला, आणि त्या पैलवान माणसाचे गुडघे हलताना मी पाहिले.

आधी टॅगवर तारीख आणि सही, मग सुरी. पोट न फाडता सोलायची रीत आहे, तीच करा, करवत लागत नाही. जनावर कुशीवर, पाठीच्या कण्यावरून कातडी खाली सोलत न्यायची. पुढच्या फऱ्याला सांधाच नसतो, नुसती सुरी फिरवली की सुटतो. मागची मांडी खुब्याच्या वाटीतून सोडवायची. कण्याच्या बाजूची लांब पट्टी काढायची, मग जनावर उलटायचं आणि दुसऱ्या बाजूला तेच. आतली नाजूक पट्टी शेवटच्या बरगडीखालून हात घालून निघते. दोन मांड्यांपैकी एकीला वृषण नैसर्गिकपणे जोडलेलं ठेवा, नर असल्याचा तो पुरावा आहे. डोकंही सोबत आणा.

एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती : उष्णता. बाहेर उणे पाच, माझी बोटं बधिर, आणि दोन तासांनी खुब्याच्या सांध्यात हात घातला तर तिथे अंघोळीच्या पाण्याइतकं गरम. एल्कच्या केसांचं आवरण इतकं जाड असतं की कातडी तशीच ठेवून "सकाळी येऊ" म्हणालात तर हाडापाशी मांस आंबतं, बर्फात असलं तरी. म्हणून रात्रीच सोलायचं, मांड्या सुट्या करायच्या, पिशव्यांत घालून आडव्या ओंडक्यांवर ठेवायच्या, खालून वारा लागेल अशा. सांगाड्यापासून शंभर पावलं दूर ठेवा, अस्वलं अजून झोपलेली नसतात.

हे सगळं आटपायला साडेदहा वाजले. सुरीची पाती बदलताना मी अंगठा कापला. ती बदलायच्या पात्यांची सुरी धारदार असते यात वाद नाही, पण सांध्यात पिळली की पातं तुटतं आणि तुटका तुकडा मांसात शोधत बसावं लागतं. कातडीसाठी ती, सांध्यासाठी साधी चार इंची पक्की सुरी. दोन्ही न्या.

आता तो रस्ता. त्यासाठीच खरं हे सगळं लिहितोय.

फोनवरच्या नकाशात एल्क आणि गाडी यांच्यात सरळ रेघ ओढली तर अंतर साडेतीन मैल. त्यातला मधला पाऊण मैल २००२ च्या बिग फिश आगीत जळालेला. ती आग १७ हजार एकरांवर गेली होती. जळालेली झाडं वर्षानुवर्षं उभी राहतात आणि मग एकेक करून पडतात, एकावर एक, कुणी काड्यापेटी उपडी केल्यासारखी. नकाशावर हा भाग हिरवा, उघडा, सपाट दिसतो. सकाळी रिकाम्या पाठीने जाताना आम्ही त्यातून उड्या मारत गेलो होतो, गाणी म्हणत. त्याचंच भूत मानगुटीवर बसलं. पाठीवर हाडासकट एक मांडी, ६५ पौंड, डोक्यावर दिवा, आणि प्रत्येक सात-आठ फुटांवर मांडीएवढ्या उंचीचा ओंडका. पाय टाकायचा, बसायचं, फिरायचं, दुसरा पाय ओढायचा, उठायचं. साल निघालेलं लाकूड वर दव गोठलं की साबणासारखं होतं. मी तीनदा पडलो. तिसऱ्यांदा पाठीवरच्या ओझ्यासकट दोन ओंडक्यांच्या फटीत उताणा अडकलो, आणि साडूभाऊंना स्वतःची सॅक उतरवून मला कासवासारखं उलटवावं लागलं. पाऊण मैलाला दोन तास वीस मिनिटं. रात्री अडीचला गाडीपाशी. वारा सुटला असेल तर त्या जंगलात शिरूच नका. उभी जळकी झाडं आवाज न करता पडतात.

बुधवारी पुन्हा गेलो. त्याच वाटेने. मूर्खपणा आहे, पण माणूस थकला की ओळखीचा त्रास निवडतो. पुढचे दोन फरे आणून दुपारी तीनला गाडीपाशी पोचलो. साडूभाऊ बुटाची नाडीही न सोडता जमिनीवर आडवे झाले. वर अजून पट्ट्या, मानेचं मांस आणि डोकं होतं. तेवढ्यात एक खेचरवाला आला.

भाव विचारला. म्हणाला, चारशे डॉलर, दर जनावरामागे. मी मनात हिशोब केला : एल्क एक, म्हणजे चारशे. हो म्हणालो, हात मिळवला. गुरुवारी सकाळी आठला तो दोन खेचरं घेऊन आला, स्वतः घोड्यावर. आम्ही सामान वाटेपर्यंत वाहून आणायचं ठरलं होतं, कारण खेचरं पडझडीत जात नाहीत. दुपारी एकला गाडीपाशी उतरवलं आणि त्याने बाराशे मागितले. जनावरामागे म्हणजे एल्कमागे नव्हे, त्याच्या जनावरामागे. दोन खेचरं आणि तिसरा तो घोडा, ज्याच्यावर तो स्वतः बसला होता! साडूभाऊ शुद्ध मराठीत बरंच काही बोलले. शेवटी आठशेवर तुटलं. ओझं एका खेचरावर मावलं असतं. दुसरं निम्मं रिकामंच चाललं होतं.

तेव्हा खेचरवाला ठरवायचा तर शिकारीच्या आधी, घरून, फोनवर ठरवा. मांस खाली पडलेलं असताना भाव करणाऱ्याची अवस्था मांडवात उभ्या असलेल्या मुलीच्या बापासारखी असते. एकूण आकडा किती, त्यात त्याचा घोडा धरून किती जनावरं, कुठून कुठपर्यंत, हे लिहून घ्या. राज्याची आउटफिटर नोंदणी आणि फॉरेस्ट सर्व्हिसचा परवाना आहे का विचारा. चिडला तर दुसरा बघा.

त्या आठशे डॉलरांत एकच शहाणपण मिळालं. खेचरं गेली त्या वाटेने मी मागोमाग चाललो. आगीच्या पट्ट्याला वळसा घालणारी पायवाट, दोन मैल जास्त, पण मोकळी, ओंडके कापून साफ केलेली. पूर्ण वजनासकट त्या वाटेने आम्हाला फार तर साडेतीन तास लागले असते. म्हणजे सरळ रेघेपेक्षा कमी. पहिल्या तीन रिकाम्या दिवसांत नुसतं माद्या शोधत फिरण्याऐवजी ही वाट चालून बघितली असती तर माझी पाठ आणि आठशे डॉलर दोन्ही वाचले असते. तुम्ही जाल तेव्हा पहिल्याच दिवशी परतीची वाट चाला. आणि ज्या ठिकाणाहून जनावर आणता येणार नाही तिथे ते दिसलं तर रायफल खाली ठेवा. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा इथे गुन्हा आहे, आणि असायलाच हवा.

सामानाबद्दल, आठवेल तसं. नेहमीची ट्रेकिंगची सॅक नेऊ नका. माझ्या सॅकच्या पट्ट्याची शिवण दुसऱ्या फेरीत उसवली. फ्रेमची सॅक हवी, जिच्यात ओझं पाठीच्या अगदी जवळ, खांद्यांच्या पातळीला बांधता येतं. स्वस्तातल्या सुती जाळीच्या पिशव्या ओंडक्यावर घासून फाटतात, विणलेल्या सिंथेटिक पिशव्या धुऊन पुन्हा वापरता येतात. दोन काठ्या घ्याच, मी आधी त्यांना हसायचो. डोक्यावरचे दिवे माणशी दोन. पाण्याचा पोकळ धाग्यांचा फिल्टर रात्री झोपायच्या पिशवीत घेऊन झोपा. एकदा गोठला की आतून फाटतो आणि बाहेरून काही कळत नाही. सॅटेलाइट मेसेंजर घ्या, तिथे फोनला रेंज नाही आणि घरी बायको आहे.

हाडं काढून मांस शंभर किलोच्या थोडं खाली भरलं. डोकं सीडब्ल्यूडीच्या तपासणीला दिलं. हरणवर्गातला मेंदूचा हा रोग १९६७ मध्ये इथेच, फोर्ट कॉलिन्सला, पहिल्यांदा लक्षात आला होता. निकाल येईपर्यंत पाकिटांवर तारीख आणि टॅगचा नंबर घालून ती वेगळी ठेवलीत, एकही उघडलेलं नाही. साडूभाऊ रोज संध्याकाळी फोन करून विचारतात, "आला का रिपोर्ट?" त्यांनी मसाला भाजून ठेवलाय. मांसात चरबी नसते, तेव्हा पट्टी मटणासारखी तासभर शिजवू नका, चामडं होईल. मांडीचं मात्र कुकरला लावावं लागेल.

गेम कार्ट विकायची आहे. चाकांत हवा आहे, अंगणात एकदाच फिरवली. नॅशनल फॉरेस्टमध्ये, वाइल्डरनेसच्या बाहेर, मोटारींना बंद केलेल्या जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यांवर जाणार असाल तर ती खरंच कामाची आहे. दीडशे डॉलर, आणि घ्यायला तुम्हीच या. मी अजून काही दिवस काही उचलणार नाही.